नर्सिंगमध्ये पीएचडी: नाशिकच्या आरोग्य विद्यापीठातून की बंगळुरूहून?

तुमचं एम.एस्सी. नर्सिंग झालंय, नाशिकच्या खासगी कॉलेजात शिकवताय, नाशिक जिल्ह्यातल्याच सुरगाणा-पेठकडच्या पहिलटकरणींच्या स्तनपानावर पीएचडी करायचीय आणि म्हसरूळचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ की बंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ, हे ठरत नाहीये. हा विषय असेल तर नाशिकच घ्या. मी इथूनच केली.

दोन्ही सरकारी विद्यापीठं. बंगळुरूचं १९९६चं, आपलं १९९८चं. पदवीच्या वजनात फरक मानू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२च्या नियमांत पीएचडीला किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं आहेत. महिलांना त्यावर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते आणि मातृत्व-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही. नोकरी करत अर्धवेळ करायची तर कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. तोंडी होकारावर विसंबू नका, सही-शिक्क्याचं पत्र आधी घ्या.

बंगळुरूची मोठी जमेची बाजू म्हणजे भारतीय नर्सिंग परिषदेचा राष्ट्रीय पीएचडी कन्सॉर्शियम, म्हणजे अनेक संस्थांनी मिळून चालवलेला पीएचडीचा कार्यक्रम. त्याची पदवी राजीव गांधी विद्यापीठ देतं आणि तिथे देशभरातले गाइड (संशोधनाचे मार्गदर्शक) नि सहाध्यायी भेटतात. मनोरुग्ण परिचर्येसारखा विषय असता आणि इथे त्यातला गाइड मिळत नसता, तर मीच तुम्हाला तिकडे जा म्हटलं असतं.

पण तुमचा विषय वॉर्डात आणि पाड्यावर आहे. बाळंतिणीच्या वॉर्डात प्रश्नावली घेऊन बसलात की पहिलं उत्तर सासू देते. ती खाटेच्या कडेलाच बसलेली असते. "पाजते ना ती, चांगली पाजते," म्हणते आणि सून मान खाली घालते. सासू चहाला गेली की सून हळूच सांगते, की पहिले दोन दिवस बाळाला गुळाचं पाणीच दिलं. नॉर्मल डिलिव्हरीची बाई दोन-तीन दिवसांत घरी जाते, म्हणजे अशी संधी एकदाच मिळते. त्यासाठी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर ओळखीच्या हव्यात, गावातली आशाताई सोबत हवी आणि गाइडला हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं हवं. बंगळुरूत बसलेल्या गाइडला ते फोनवर किती समजावणार?

म्हणून विद्यापीठाच्याही आधी गाइड शोधा. यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंट प्रोफेसरकडे चारच विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे चांगल्या गाइडकडच्या जागा लवकर भरतात. प्रत्यक्ष जाऊन भेटा. किती जणांचा थीसिस जमा झाला, किती वर्षं लागली, हे मोकळेपणानं विचारा. त्यांच्या विद्यार्थिनींनाही एकदा फोन करा. मसुदा महिनोन्महिने परत न देणारा गाइड असेल, तर विद्यापीठ कुठलंही असो, तुमची वर्षं जातात.

प्रवेश परीक्षेला रिसर्च मेथडॉलॉजीचा, म्हणजे संशोधन पद्धतींचा, वाटा मोठा असतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक जणी त्यातल्या बायोस्टॅटला, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या संख्याशास्त्रालाच, घाबरतात. तुम्ही अभ्यास तिथूनच सुरू करा.