वाचक विचारतात : नाल्यावरचा पूल आणि जिओकॅश

प्रश्न : सांगलीत नाल्यावरच्या पुलाखाली जिओकॅशची (जीपीएसच्या आधारे लपवलेली डबी हुडकण्याच्या खेळातली) चुंबकाने चिकटवलेली डबी ठेवायची आहे. पावसाळ्यात टिकेल का? (गावभाग, सांगली)

उत्तर : नाही टिकणार. काँक्रीटमधली सळई दोन-चार सेंटिमीटर आत असते, तिथवर छोट्या चुंबकाची ताकद पोचत नाही. कठड्याच्या लोखंडी पाइपाला चिकटेल, पण पाणी चढलं की 250 मिलीची बंद डबी जवळजवळ पाव किलो जोराने वर उचलली जाते. त्यात वाहत आलेली जलपर्णी अडकली की सुटलीच म्हणा.

पाऊस सांगलीतच पडायला हवा असंही नाही. कोयनेचा विसर्ग वाढून कृष्णा फुगली की पाणी नाल्यातून उलटं शहरात शिरतं, आणि वर नाला कोरडा असला तरी खालचा पूल बुडतो. आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. त्यामुळे ‘जरा उंच लावू’ याला अर्थ नाही.

त्यापेक्षा पुलाकडून फक्त आकडा घ्या. मल्टी-कॅश, म्हणजे टप्प्याटप्प्याने सापडणारी डबी, करा : पहिल्या टप्प्यावर कठड्याचे खांब किंवा कमानी मोजायला सांगा, त्या आकड्यावरून पुढची जागा काढायला लावा आणि डबी पूररेषेबाहेरच्या उंच जागी ठेवा. रंगाने लिहिलेला आकडा घेऊ नका. पुढच्या रंगकामात तो जातो. खेळाच्या नियमाने दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर लागतं, पण नुसत्या प्रश्नाचा टप्पा त्यात धरत नाहीत.

प्रश्न : जागा 16 अंश 51.600 मिनिटं उत्तर अक्षांशावर होती. शोधणारे कर्नाटकात पोचले! चूक कुठे झाली? (मिरज)

उत्तर : तुम्ही नकाशात 16.5160 टाकलंत. खेळाच्या संकेतस्थळावर डबीच्या पानावर अंश आणि मिनिटं असतात, मोबाइलचे नकाशे बहुधा नुसते दशांश अंश दाखवतात. मिनिटांना 60 ने भागा : 51.600 भागिले 60 म्हणजे 0.8600, म्हणून 16.8600. तुमच्या आकड्यात 0.344 अंशाचा फरक पडला, म्हणजे दक्षिणेला सुमारे 38 किलोमीटर. उलट मिनिटाचा हजारावा भाग उत्तर-दक्षिण दिशेत फक्त 1.85 मीटर असतो, तेव्हा तिन्ही दशांश लिहा.

पुलाखाली मात्र एवढी बारकाई उपयोगाची नाही. उपग्रहाचा संदेश काँक्रीटवर आपटून उशिरा येतो आणि ठिपका पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे उड्या मारतो. मोबाइल उघड्यावर पाच मिनिटं स्थिर ठेवा, आकडा लिहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या. दोन्हींची सरासरी धरा.

प्रश्न : डबी कोणती घ्यावी? (हरिपूर)

उत्तर : झाकणाला रबरी वायसर असलेली, पारदर्शक, शक्यतो अर्धा लिटरची. वही आधी झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची एक पुडी. शिसपेन्सिल द्या, दमट हवेत पेनची शाई फुटते. खाऊ अजिबात नको, मुंग्या दोन दिवसांत माग काढतात. डबी दगडी बांधकामाच्या भोकात खुपसायला लावू नका : तिथे गांधीलमाश्यांची पोळी असतात, कधी सापही.

प्रश्न : पोलिसांनी हटकलं तर?

उत्तर : हटकणारच, पुलाखाली टेप गुंडाळलेली काळी डबी म्हणजे संशयाला आमंत्रण. म्हणून पारदर्शक डबी, वर मराठीत चिठ्ठी : ‘जिओकॅशिंग खेळाची डबी, आत वही आहे, धोका नाही’. जागा ज्यांच्या ताब्यात त्यांची लेखी परवानगी आधी काढा. नाल्याकाठी बहुधा महापालिका, नदीकाठी जलसंपदा विभाग. रेल्वे पूल सोडूनच द्या. शेरीनाल्यासारख्या सांडपाण्याच्या काठी तर कोणाला उतरायलाच लावू नका.

डबी सखल भागात असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात घरी आणा, पानावर ‘तात्पुरती बंद’ असं लावा आणि संकेतस्थळाच्या तपासनिसाला (डब्यांची पानं तपासणाऱ्याला) पुराचं कारण कळवा. पाणी उतरून गाळ वाळला की जागा पुन्हा मोजूनच डबी ठेवा.