पगार नसलेले न्यायदंडाधिकारी

प्रश्न : अठराव्या शतकातील लंडनचे न्यायदंडाधिकारी लाचखोर म्हणून बदनाम होते, असे वाचनात आले. त्यांच्यावर अंकुश नव्हता का?

उत्तर : इंग्लंडमधील न्यायदंडाधिकाऱ्याचे, म्हणजे ‘जस्टिस ऑफ द पीस’चे, पद बिनपगारी होते, आणि ते भूषवणारा मनुष्य खाऊनपिऊन सुखी जमीनदार असल्याने त्याला पैशाचा मोह पडणार नाही, असे गृहीत धरलेले होते. खेड्यापाड्यांत हे गृहीतक बऱ्यापैकी टिकले. तेथे पैशापेक्षा स्वतःच्या वर्गाचे हित जपण्याचा दोष अधिक दिसे. लंडनलगतच्या मिडलसेक्स आणि वेस्टमिन्स्टरमध्ये मात्र कटकटीचे हे काम प्रतिष्ठितांना नको असल्याने बेताच्या ऐपतीचे लोक त्यात शिरले. वॉरंट, जामीन अशा प्रत्येक कागदामागे ठरलेले शुल्क मिळत असल्यामुळे तंटे मिटवण्यापेक्षा वाढवण्यातच त्यांचा लाभ होता. यातले बरेचसे शुल्क कायदेशीरच होते, हीच खरी गोम! अशांना लोक ‘ट्रेडिंग जस्टिस’, म्हणजे न्यायाचा धंदा करणारे, म्हणत. १७४८ मध्ये नेमणूक झालेले कादंबरीकार हेन्री फील्डिंग यांनी गोरगरिबांची भांडणे आपसात मिटवली आणि कफल्लकाकडून शिलिंग घेण्याचे टाळले, तेव्हा वर्षाला सुमारे ५०० पौंड मिळवून देणारे हे पद जेमतेम ३०० पौंडांवर आले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

अंकुश आला तो १७९२ च्या कायद्याने. त्यानुसार सात कार्यालये उघडून प्रत्येकात तीन दंडाधिकारी वार्षिक ४०० पौंड पगारावर नेमण्यात आले आणि शुल्काची रक्कम त्यांच्या खिशाऐवजी सरकारी खात्यात जाऊ लागली.