लीव्ह, लोभ आणि राजीनामा

प्रश्न असा आहे: "नवशिक्यांच्या इंग्रजीत 'सुट्टी आणि प्रवासाचे बेत' हा पाठ चालू आहे. 'पुढच्या आठवड्यात मला दोन रजा आहेत, फिरायला जाणार आहे' याचं इंग्रजी 'आय हॅव टू लीव्हज नेक्स्ट वीक' असं केलं तर चालेल का? लीव्ह, हॉलिडे आणि व्हेकेशन यांत फरक काय? जमल्यास ट्रिप आणि टूर यांतलाही सांगावा."

चालणार नाही. 'टू लीव्हज' म्हणजे दोन पानं, झाडाची. कचेरीत वर्षानुवर्षं इंग्रजी बोलणारी माणसंही 'माझ्या चार लीव्हज शिल्लक आहेत' असं बिनदिक्कत म्हणतात, मग नवशिक्याला काय बोलणार! रजेच्या अर्थाचा लीव्ह मोजता येत नाही, पाण्यासारखा. मोजायचे ते दिवस: 'टू डेज लीव्ह', 'अ वीक्स लीव्ह'. लिहिताना षष्ठीचं चिन्ह 'डेज'मध्ये एसच्या नंतर येतं आणि 'वीक्स'मध्ये एसच्या आधी. शेवटचा 'ज' नुसता गाळून सुटका होईल असं वाटत असेल तर तेही नाही. 'आय हॅव टू लीव्ह' म्हटलंत तर ऐकणारा समजेल, तुम्हाला आत्ताच निघायचंय. नवशिक्यांनी सरळ 'आय हॅव टू डेज ऑफ नेक्स्ट वीक' म्हणावं. हा ऑफ दोन एफवाला.

हॉलिडे म्हणजे मुळात पवित्र दिवस, व्हेकेशन म्हणजे रिकामपण. हे कुठल्याही कोशात सापडेल. ब्रिटिश माणूस 'ऑन हॉलिडे' जातो, अमेरिकन 'ऑन व्हेकेशन'. दोन्हीकडे 'ऑन', 'इन' नाही. ट्रॅव्हल हा शब्द छळाच्या तीन खांबांच्या यंत्रावरून आला ही गोष्ट तर आता ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, ती इथे नको. गंमत आहे ती लीव्हमध्ये.

'माणूस काम सोडून जातो म्हणून रजेला लीव्ह म्हणतात' असं शिकवणारे शिक्षक आहेत, आणि तसं छापणारी मार्गदर्शकंही. साफ चूक! हे दोन वेगळे शब्द आहेत, काळाच्या ओघात उच्चार सारखा झाला इतकंच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत रजेचा शब्द होता 'लेआफ', अर्थ परवानगी. 'लीव्ह ऑफ ॲब्सेन्स' म्हणजे गैरहजर राहण्याची परवानगी. सोडून जाणे हाच अर्थ असता तर पुढचं 'ऑफ ॲब्सेन्स' कशाला लागलं असतं? जर्मन माणूस सुट्टीला 'उरलाउब' म्हणतो, तोही याच कुळातला, मूळ अर्थ पुन्हा परवानगीच. लव्ह आणि बिलीव्ह ही सख्खी भावंडं. आणि या सगळ्यांचं मूळ जिथे पोचतं, तिथेच संस्कृतातला 'लुभ्' आहे. म्हणजे लीव्ह आणि आपला लोभ एका घरचे. पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' लिहितो ना, रजेच्या अर्जात नेमकं तेच मागितलेलं असतं!

आता आपली रजा पाहा. मूळ अरबी, अर्थ संतोष, मर्जी, संमती. राजी, राजीखुशी, राजीनामा ही सगळी त्याच धातूची पिलावळ. दोन भाषाकुळांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी दोन्हीकडे वाट एकच: वरच्याची मर्जी, मग परवानगी, मग कामावरून मोकळीक. इतकंच नव्हे, 'आता आपली रजा घेतो' म्हणजे निरोप घेतो, आणि इंग्रजीत 'टेक लीव्ह ऑफ समवन' म्हणजेही तेच. (न सांगता सटकण्याला इंग्रज 'फ्रेंच लीव्ह' म्हणतात. फ्रेंच लोक त्यालाच इंग्रजांसारखं सटकणं म्हणतात.)

म्हणून 'रजा परकीय आहे, तिच्या जागी सुट्टी लिहा' म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझं जमत नाही. सुट्टी सुटणे या क्रियापदातून आली. ती असते, मिळते, लागते. रजा मागावी लागते, आणि ती नाकारता येते. रविवारची रजा कोणी टाकत नाही. माझ्या मते नवशिक्याला वर्गात पहिल्या दिवशी एवढंच सांगावं: सुट्टी तो हॉलिडे, रजा तो लीव्ह. इतका चपखल जोड असताना शिक्षक दोन्हींसमोर 'सुट्टी' लिहून मोकळे होतात, याला काय म्हणावं.

क्रियापदातला लीव्ह वेगळ्या घरचा. त्याचा जुना अर्थ निघून जाणे नव्हताच. मागे राहू देणे, ठेवणे असा होता. 'हाऊ मच इज लेफ्ट?' म्हणजे किती उरलं, यात तो अजून जिवंत आहे. याचं मूळ चिकटणे या अर्थाचं, म्हणजे आपल्या 'लिंपणे'शी नातं. आणि राहणे, जगणे या अर्थाचा 'लिव्ह' याचा भाऊ. पण भाऊ म्हणून एकमेकांच्या जागी बसवू नका. ऱ्हस्व लिव्ह म्हणजे राहणे, दीर्घ लीव्ह म्हणजे निघणे. 'आय लीव्ह हिअर' म्हणणारा राहत तर नाहीच, निघतोही अर्धवट.

प्रवासाचे बेत सांगताना याच क्रियापदावर नवशिके हमखास पडतात. 'आय ॲम लीव्हिंग लंडन' म्हणजे लंडन सोडतोय. लंडनला निघालो असेल तर 'लीव्हिंग फॉर लंडन'. एक 'फॉर' गळला की गाडी उलट्या दिशेने! मराठीत 'मी उद्या निघतो' चालतं, म्हणून 'टुमॉरो आय लीव्ह' असं सरळ उचललं जातं. साधा वर्तमानकाळ वेळापत्रकासाठी ठेवा: 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स'. तिकीट काढून झालं असेल तर 'आय ॲम लीव्हिंग ऑन फ्रायडे'. नुसतं मनात असेल तर 'आय ॲम गोइंग टू व्हिजिट माय सिस्टर'. बोलता बोलता ठरवलं तर 'आय विल'.

एक खबरदारी. 'आय ॲम लीव्हिंग ऑन फ्रायडे' हे वाक्य साहेबासमोर एवढंच बोलून थांबू नका. शुक्रवारी नोकरी सोडतोय असाही अर्थ निघतो, आणि रजेला गेलेला माणूस राजीनामा देऊन येतो. साहेबाला सांगायचं ते 'आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम फ्रायडे'.

ट्रिप आणि टूर राहिलेच. जाऊन परत येणं ती ट्रिप, कामासाठीही. ठिकाणामागून ठिकाण फिरणं तो टूर.