फ्लॅट स्वतः विकावा की एजंटकडे द्यावा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे जुन्या, म्हणजे पुनर्विक्रीच्या फ्लॅटबद्दल आहेत. त्यांतले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : कोथरूडमधला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा आहे. अपेक्षा ९० लाखांची. एजंट दोन टक्के मागतो. शेजारी म्हणतात, नेटवर जाहिरात टाका, गिऱ्हाईक घरी चालत येईल. आम्ही दोघेही निवृत्त आहोत. कर्ज नाही. काय करावे?

आधी दोन टक्क्यांचा हिशेब मांडू. ९० लाखांवर १,८०,००० रुपये होतात. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे ३२,४०० रुपये आणखी. एकूण २,१२,४००. नोंदलेला नसेल तर त्याला जीएसटी आकारताच येत नाही, म्हणून क्रमांक आधी विचारा. दलालीचा दर कुठल्याही कायद्याने ठरलेला नाही. एक टक्क्यावर काम करणारेही पुष्कळ आहेत, तेव्हा घासाघीस करायला संकोच नको.

या पैशांत एजंट चार कामे करतो : भाव सांगतो, गिऱ्हाईक आणतो, घर दाखवतो आणि टोकनपासून (सुरुवातीच्या बयाण्यापासून) शेवटच्या चेकपर्यंत व्यवहार धरून ठेवतो. पहिली तीन कामे तुम्हाला जमतील. खरी कसोटी चौथ्या कामात आहे आणि निर्णय त्यावरच घ्यायला हवा.

भाव घरबसल्या कळतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ची मोफत सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा सिटीएस क्रमांक (शहरी जमिनीचा सरकारी क्रमांक) टाकला की नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा सरकारी गोषवारा, दिसतात. त्यात मोबदला (ठरलेली किंमत), बाजारभाव (इथे सरकारी मूल्यांकन) आणि क्षेत्रफळ दिलेले असते. आपल्याच इमारतीतले आणि शेजारच्या दोन इमारतींतले गेल्या दीड वर्षातले व्यवहार काढा. चूक होते ती क्षेत्रफळात. आकडा चौरस मीटरमध्ये असतो (१ चौ. मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट), काही दस्तांत कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) लिहिलेले असते तर काहींत बिल्टअप (भिंती धरून). दोन्हींचा दर एकाच रांगेत मांडला तर उत्तर लाखोंनी चुकते. पार्किंग कोणत्या दस्तात धरले आहे तेही वाचा. संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतला भाव हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर हाही प्रत्यक्षात मिळणारा भाव नव्हे. पण रेकनरच्या मूल्यांकनापेक्षा विक्रीची किंमत १० टक्क्यांहून अधिक खाली गेली तर तुमचा भांडवली नफा रेकनरच्या आकड्यावर मोजला जातो, हे लक्षात ठेवा.

जाहिरातीत कार्पेट, मजला, लिफ्ट, पार्किंग, महिन्याचा मेंटेनन्स, भोगवटा प्रमाणपत्र आणि ‘कर्ज नाही’ एवढे स्पष्ट लिहा. पहिले बरेच फोन एजंटांचेच येतील. सोसायटीच्या फलकावरची चिठ्ठी मात्र विसरू नका. तुमच्याच इमारतीत भाड्याने राहणारे कुटुंब हे सर्वांत चांगले गिऱ्हाईक, कारण त्यांना पाण्याची वेळसुद्धा ठाऊक असते. एक सावधगिरी : थेट आलेला माणूस ‘तुमची दलाली वाचली’ म्हणून तेवढी रक्कम कमी करायला सांगतो. किती सोडायचे हे दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

आता चौथे काम. घर पाहायला आलेल्याला पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न असा : हातात किती आहेत? गृहकर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. ९० लाखांवर ते ७२ लाख. उरलेले १८ लाख त्याने स्वतःचे आणायचे. शिवाय पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के (घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास सहा) आणि नोंदणी शुल्क ३०,००० रुपये. कर्ज ठरवताना बँक हे शुल्क घराच्या मूल्यात धरत नाही. म्हणजे जवळपास साडेचोवीस लाख त्याच्या खात्यात हवेत. पुष्कळ व्यवहार इथेच मोडतात. माणूस खोटे बोलत नसतो, त्याने शुल्काचा हिशेबच केलेला नसतो. चांगला एजंट हा प्रश्न दारातच विचारतो, आणि दलाली वसूल होते ती यात.

आमचा सल्ला : मूळ करारनामा आणि मधले सर्व दस्त, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकत कराची पावती हे सगळे हाताशी असेल तर सहा आठवडे स्वतः प्रयत्न करा. कर्ज नाही आणि दाखवायला तुम्ही घरी आहात, या दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. मसुदा आणि नोंदणीसाठी वकील ठरावीक फीवर नेमा, ती बचत करू नका. साखळीतला एखादा दस्त गहाळ असेल किंवा वारसांची नावे लागायची असतील, तर आधी वकिलाकडून ते निस्तरा आणि मगच जाहिरात द्या. सहा आठवड्यांत पक्के गिऱ्हाईक आले नाही तर एकाच एजंटाला तीन महिन्यांसाठी लेखी काम द्या. पाच जणांना फोनवर सांगितले की एकच फ्लॅट पाच भावांनी फिरतो, आणि घेणाऱ्याला वाटते की विकणारा अडचणीत आहे.

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या एजंटाने टोकनच्या दिवशीच पूर्ण दलाली घेतली. पुढे घेणाऱ्याचे कर्ज नामंजूर झाले. एजंट म्हणतो, माझे काम गिऱ्हाईक आणण्याचे होते. पैसे परत मिळतील?

तुमच्यात लेखी काय ठरले होते, यावर उत्तर अवलंबून आहे. वेगळा करार नसेल तर भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २१९ तुमच्या बाजूने आहे : सोपवलेले काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. विक्रीचे काम दिले असताना विक्रीच झाली नाही, असे लेखी कळवून रक्कम मागा. नकार आला तर वकिलाची नोटीस आणि नंतर ग्राहक आयोग हा मार्ग आहे. महारेराकडे (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) जाण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल, पण एजंटाच्या नोंदणीची रेरातली सक्ती विकासक विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांतल्या घरांसाठी आहे. जुन्या सोसायटीतल्या पुनर्विक्रीला ती लागू होत नाही. तरीही पुढच्या वेळी महारेरा क्रमांक असलेलाच एजंट घ्या. त्याला प्रशिक्षण आणि परीक्षा यांतून जावे लागते.

आणि पुढच्या वेळी एका कागदावर लिहून घ्या : दर किती आणि कोणत्या रकमेवर, निम्मी दलाली करारनाम्याच्या नोंदणीला आणि निम्मी पूर्ण रक्कम मिळून ताबा दिल्यावर, एजंट समोरच्याकडूनही घेणार का, आणि मुदत संपल्यावर त्याने आणलेला माणूस परत आला तर किती महिने त्याचा हक्क राहतो.

टोकनची पावतीही नीट हवी. किंमत, सोबत राहणारे सामान, करारनाम्याची तारीख, कर्ज नामंजूर झाल्यास किती दिवसांत परतावा आणि घेणाऱ्याने मन बदलल्यास किती कापायचे, हे सगळे त्यात यावे. टोकन चेकने किंवा बँकेतूनच घ्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढा दंड रोख स्वीकारणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, होऊ शकतो.

प्रश्न : फ्लॅटवर २२ लाखांचे कर्ज बाकी आहे. अशा वेळी एजंटाशिवाय विकता येतो का?

येतो, फक्त क्रम चुकू देऊ नका. आपल्या बँकेकडून दोन कागद घ्या : आजची बाकी सांगणारे फोरक्लोजर पत्र आणि बँकेकडे कोणकोणते मूळ दस्त आहेत त्यांची यादी. घेणाऱ्याची बँक यांवरच कर्ज मंजूर करते आणि पहिला चेक तुमच्या कर्जखात्याच्या नावाने काढते. उरलेली रक्कम तुम्हाला मिळते. अडते ते तारखेत. पत्राची मुदत संपते, मध्ये एक हप्ता कापला जातो, बाकीचा आकडा बदलतो आणि चेक परत पाठवावा लागतो. म्हणून नोंदणीची तारीख ठरल्यावर नवे पत्र घ्या. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लागत नाही.

कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत देणे आणि बोजा उतरवणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आणखी एक. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा एक टक्का कर कापून तुमच्या पॅनवर भरतो. तुमचे पॅन आधारशी जोडलेले नसल्याने निष्क्रिय झाले असेल तर ही कपात २० टक्क्यांवर जाते. ९० लाखांच्या फ्लॅटवर ९०,००० ऐवजी १८ लाख! जाहिरात देण्याआधी हे तपासा.

प्रश्न : सोसायटी हस्तांतरासाठी दीड लाख ‘देणगी’ मागते. नाही दिली तर ना हरकत पत्र देणार नाही म्हणते.

महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्याची (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. त्याखेरीज हस्तांतर शुल्क ५०० आणि नव्या सभासदाचे प्रवेश शुल्क १०० रुपये. देणगीच्या नावाखाली याहून जास्त घेता येत नाही. विक्रीचा इरादा सोसायटीला १५ दिवस आधी लेखी कळवा आणि प्रतीवर पोच घ्या. उपविधींनुसार विक्रीसाठी सोसायटीचे ना हरकत पत्र लागतच नाही. ते मागते घेणाऱ्याची बँक. त्यासाठी अर्ज द्या, नकार लेखी मागा आणि तो घेऊन सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. लेखी नकार मागितल्यावरच पुष्कळ समित्या पत्र देऊन मोकळ्या होतात. अधिमूल्य कोणी भरायचे, तुम्ही की घेणाऱ्याने, हे करारनाम्यात लिहा. ते चेकने भरा आणि पावती घ्या.