यंत्रविचार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नाना पेठेत मी दुचाकींवरील रेडियमचे आणि घरांच्या नावाच्या पाट्यांचे काम करतो. अलीकडेच कमी किमतीचा कटिंग प्लॉटर, म्हणजे संगणकावरील आकृतीप्रमाणे व्हिनाइलचा (रेडियमचा) चिकट कागद पात्याने कापणारे यंत्र, घेतला. अक्षरांचे कोपरे गोलसर येतात, वर्तुळाची टोके जुळत नाहीत आणि मराठी मजकुराच्या शिरोरेषेचे तुकडे पडतात. प्रेशर वाढवले, तर मागचा कागदही कापला जातो. यंत्र परत करावे का?

उत्तर : इतक्यात करू नये. शिरोरेषेच्या तक्रारीशी तर यंत्राचा संबंधच नाही. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर ही स्वतंत्र आकृती असते आणि शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. छपाईत शाई एकजीव दिसत असल्यामुळे हे लक्षात येत नाही. प्लॉटर मात्र केवळ बाह्यरेषांवरून पाते फिरवतो, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर छेद पडतो. मजकूर आधी कर्व्हमध्ये (म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या रेषाकृतींत) बदलून घ्यावा आणि मग कोरलड्रॉ या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वेल्ड’ किंवा इंकस्केप या तशाच सॉफ्टवेअरमध्ये ‘युनियन’ ही आकृत्या एकजीव करणारी आज्ञा द्यावी. अनेक जण घाईत ‘कंबाइन’ वापरतात. त्याने चढलेला भाग पोकळ होतो आणि छेद तसेच राहतात. कापण्यापूर्वी वायरफ्रेम दृश्यात, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा दाखवणाऱ्या दृश्यात, शिरोरेषा सलग दिसते की नाही, हे पाहण्याची सवय ठेवावी.

कोपऱ्यांचा आणि वर्तुळाचा दोष मात्र बहुधा पात्याकडेच असतो. या यंत्रातील पाते होल्डरमध्ये मोकळे फिरते आणि त्याचे टोक मध्यरेषेच्या थोडे मागे घसटत चालते. हे अंतर म्हणजे ऑफसेट; साध्या व्हिनाइलसाठी वापरल्या जाणाऱ्या ४५ अंशांच्या पात्याला ते बहुतेक वेळा ०.२५ मिलिमीटर धरतात. आकडा कमी भरला तर कोपरे गोल होतात, जास्त भरला तर कोपऱ्यांना शिंगे फुटतात. काही यंत्रांत हा आकडा यंत्रातही भरता येतो आणि सॉफ्टवेअरमध्येही. तो दोन्हीकडे भरला गेला तर दुरुस्ती दुप्पट होते, म्हणून एका ठिकाणी शून्य ठेवावे. आकडा बरोबर असूनही वर्तुळ जुळत नसेल, तर पाते काढून होल्डर साफ करावा, कारण आत व्हिनाइलचा बारीक कचरा अडकला की पाते फिरायला अडखळते.

प्रेशर वाढवणे हा उपाय आपण सर्वांत शेवटी ठेवावा. पाते होल्डरबाहेर किती आले आहे, हे आधी ठरवावे लागते. होल्डर हातात धरून टाकाऊ तुकड्यावर ठाम दाबाने रेघ ओढावी : व्हिनाइल पूर्ण कापले जाऊन मागच्या कागदावर केवळ पुसट ओरखडा उमटला, तर पाते योग्य बाहेर आहे. त्यानंतर कमी प्रेशरपासून सुरुवात करून, एका वेळी एकच बदल करत, छोटा चौकोन आणि वर्तुळ कापून पाहावे. रुंदीत ठरावीक जागीच काप अपुरा राहत असेल, तर पात्याखालची पट्टी तपासावी; तिच्यावर जुन्या कापांचे चर पडलेले असतात आणि पाते तिथे खाली बुडते. ती पट्टी बदलता येते. एवढे करूनही होल्डर किंवा कॅरेज (होल्डर घेऊन सरकणारा भाग) हाताला हलत असेल, तर मात्र विक्रेत्याशी बोलावे.

प्रश्न : छोटी कामे नीट होतात, लांब मजकूर कापताना मध्येच पाते भलतीकडे रेघ मारत जाते किंवा यंत्र थांबते. (सिंहगड रस्ता)

उत्तर : यंत्राची स्मृती लहान असते आणि ती भरल्यावर ‘थांब’ हा संकेत संगणकापर्यंत पोहोचला नाही, तर पुढच्या आज्ञा हरवतात. संगणकाच्या ज्या पोर्टला यंत्र जोडले आहे, त्याच्या सेटिंगमध्ये फ्लो कंट्रोल (हा ‘थांब’ संकेत पाठवण्याची पद्धत) ‘हार्डवेअर’ ठेवावे आणि बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) यंत्राच्या पुस्तिकेत दिला असेल तोच भरावा. तरीही यंत्र थांबत असेल, तर रोल सरकताना निर्माण होणारी स्थिर वीज हे एक कारण असू शकते. प्लगचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे, यूएसबी केबल आखूड वापरावी आणि कापायला लागेल तेवढे व्हिनाइल रोलवरून आधीच सोडवून सैल ठेवावे. यामुळे रोलरवरचा ताणही कमी होतो आणि लांब पट्टी तिरकी जात नाही.