फोन तू धर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी चहावर साय धरेपर्यंत तू एकच विचारत होतास, 'काका, माझं काय चुकलं?' फोन टेबलावर पालथा, पण दर दोन मिनिटांनी उलटून बघणं चालूच. माई घाटावरचं निर्माल्य काढतानाची तुझी रील दोन लाख लोकांनी बघितली आणि पुढच्याच रविवारी पोतं धरणारे दोघं आले नाहीत.

तू गेल्यावर मी ती रील पुन्हा लावली. तुझा चेहरा अकरा वेळा. पोतं धरणारे हात मनगटापर्यंत दिसतात, पुढं माणूसच नाही. लेका, आणखी काय चुकायचं राहिलं?

आपण फ्रेमच्या बाहेर राहायचं. मला हे फार उशिरा कळलं.

२०१९च्या ऑगस्टात आपल्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आम्ही बोटीतून बिस्किटं वाटत होतो. एका माडीच्या खिडकीतून म्हातारीनं हात पुढं केला. मी पुडा तिच्या हातात ठेवला, पण सोडला नाही. बोटीतला पोरगा म्हणाला, 'हललाय, परत एकदा.' तिनं दुसऱ्या हातानं पदर तोंडावर ओढला. पुड्यावरचा हात मात्र काढला नाही, भूक होती. तो फोटो मी त्याच रात्री फेसबुकवर टाकला. त्यात तिचा पदर आहे आणि माझा चेहरा, अगदी स्वच्छ.

आता मी काही फोटोसाठी गेलो नव्हतो. चार दिवस पाण्यात होतो, पायाला चिखल्या झाल्या. तो फोटो बघूनच पुण्याहून ब्लँकेटं आली, हेही खरं. बघ, आलोच की नाही परत फ्रेममध्ये!

अकाउंट बंद करतो म्हणालास. कशाला? 'थोडे दिवस ब्रेक घेतोय' अशी त्याचीही स्टोरी टाकशील. लाइकचा आकडा लपवायची सोय इन्स्टाग्रामनं २०२१मध्येच दिली आहे, पण तुझं बोट कोण लपवणार? आणि वर स्वतःचा फोटो, खाली 'एक छोटासा प्रयत्न', असला नम्रपणा तर मला बघवत नाही. त्यापेक्षा सरळ मिशीला पीळ दे.

फ्रेमच्या बाहेर राहा म्हणजे फोन तू धर. कुजलेले हार दाखव, थर्माकोल दाखव, ती दोघं दाखव, त्यांना विचारून. सेल्फी नको. सेल्फीत एक हात अडकला की पोत्याला एकच उरतो.

त्या दोघांच्या घरी जा. ग्रुपवर 'सॉरी' टाकू नको. उशीरही करू नको. ती माडी ज्या बोळात आहे, त्या बोळातून मी अजून जात नाही. गणपतीला जातानासुद्धा लांबून वळसा घालतो.

रविवारी साडेसहाला घाटावर येतो. पोती जास्तीची आण.

तुझा,
काका