पलटणीच्या घरातली मुलगी आणि युद्धाचं मानसशास्त्र

प्रश्न : मी सातारा तालुक्यातल्या एका गावात राहते. बारावी कला शाखेत आहे. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, पप्पाही तिथूनच हवालदार म्हणून रिटायर झाले. काका आत्ता सीमेवर आहेत. २०२५ च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला तेव्हा, गावातल्या पोरांच्या स्टेटसला ‘आता आर या पार’ असं होतं आणि आमच्या घरी काकू रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी होती. पप्पा एक शब्द बोलत नव्हते. लांब बसलेल्या माणसांना युद्ध हवंसं का वाटतं आणि लढून आलेली माणसं गप्प का असतात, याचा मला अभ्यास करायचाय. पप्पा म्हणतात, ‘आपण वर्दीचं मीठ खाल्लंय, असले प्रश्न विचारायचे नाहीत.’ असा कोर्स असतो का? नोकरी मिळते का? पप्पांना कसं समजावू?

उत्तर :

चि. बाळ, नाव छापू नका म्हणालीस, म्हणून नुसतंच ‘बाळ’ म्हणते.

स्टेटस टाकणारी पोरं आणि गप्प बसलेले पप्पा, ही दोन वेगळी मनं आहेत हे तुला कुणी शिकवलं नाही, तुझं तूच पाहिलंस. अभ्यासकांनीही ती वेगवेगळीच अभ्यासली आहेत.

आधी लांबच्या माणसाचं मन घेऊ. हेन्री ताजफेल हे सामाजिक मानसशास्त्रज्ञ, मूळचे पोलंडचे ज्यू. फ्रान्समध्ये शिकताना दुसरं महायुद्ध सुरू झालं, ते फ्रेंच सैन्यात गेले आणि १९४० मध्ये जर्मनांचे युद्धकैदी झाले. आपण पोलंडचे आहोत हे त्यांनी लपवलं, फ्रेंच म्हणूनच नोंद राहिली आणि ते वाचले. परतले तेव्हा घरचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर त्यांनी एक प्रयोग केला. मुलांना पडद्यावर ठिपके दाखवले, किती असतील ते विचारलं आणि सांगितलं, तू जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटातला, तू कमी अंदाज करणाऱ्यांच्या. खरं तर ही वाटणी कशीही केलेली होती. मग प्रत्येकाला एकट्याला बसवून इतर दोन मुलांना पैसे वाटायला लावले. ती मुलं कोण हे माहीत नाही, फक्त कुठल्या गटातली ते माहीत. त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं हे एक झालं. पण पुढच्या अशाच प्रयोगात, आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, समोरच्यापेक्षा जास्त मिळालं पाहिजे, असाही कल दिसला. ना जुनं वैर, ना ओळख. ‘आपण’ आणि ‘ते’ एवढं म्हटलं, तेवढ्यावर भागलं.

म्हणून माणूस जात्याच भांडखोर, असं मात्र समजू नकोस. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट करून सामने लावले, तेव्हा मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले. हा प्रयोग सगळ्या पुस्तकांत असतो. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी असाच घाट घातला होता, त्याची चर्चा फार कमी होते. त्या वेळी मुलांची आधी एकत्र ओळख झाली होती आणि मोठी माणसं आपल्याला भडकवताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. ती भांडलीच नाहीत. आग कुणीतरी लावावी लागते आणि आधीची ओळख असेल तर ती सहज लागत नाही. मला स्वतःला दोन्हींतला हा १९५३ चा फसलेला प्रयोग जास्त मोलाचा वाटतो.

आता पप्पांचं मन. एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांविषयी १९४८ मध्ये एक निबंध लिहिला. हरायला आलेलं सैन्य शेवटपर्यंत का लढत राहिलं? त्यांना आढळलं ते असं की, राजकीय विचारापेक्षा आपली तुकडी, शेजारचा सोबती, ज्याच्याबरोबर जेवलो-झोपलो तो, हे जास्त धरून ठेवत होतं. पप्पांना हा निबंध सांगायची गरज नाही. पलटणीतल्या कुणाचा अजून फोन येतो, एवढं विचार. वर्दीचा अपमान करणारं या अभ्यासात काही नाही, उलट जवानाला घोषणांच्या मागचा माणूस म्हणून बघणारा हाच अभ्यास आहे.

सैन्यालाही मानसशास्त्र परकं नाही. अधिकारी व्हायचं तर एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्यांचे, पाच दिवस पार करावे लागतात. त्यात उमेदवाराला तीस सेकंद चित्र दाखवतात आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. मग साठ शब्द येतात, एकेकाला पंधरा सेकंद. हे तपासायला मानसशास्त्रज्ञच बसतो. दिल्लीत डीआरडीओची, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संघटनेची, डीआयपीआर ही संरक्षण मानसशास्त्राची संस्था आहे. पप्पांचा विरोध बहुधा इथं थोडा नरमेल.

आणि तू साताऱ्याची आहेस, हे तर तुझं भांडवल आहे. अपशिंगे मिलिटरीचा स्मृतिस्तंभ पाहिला असशील. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. त्याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीनंतर शरण गेल्या. ते कुठल्या राष्ट्रासाठी लढत होते? पुढं १९४३ नंतर याच जिल्ह्यात, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्यातच होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांना आव्हान देत होतं आणि त्याच वर्षांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान इंग्रजांच्या बाजूनं इटलीत लढत होते. दोन्हीकडं इथल्याच घरांतली माणसं. त्यांच्या मनात ‘आपलं’ म्हणजे नेमकं काय होतं? पोट, घराण्याची रीत, पलटणीची इज्जत की देश? यावर कुणीतरी नेटानं काम करायला हवं. ते तू केलंस तर मला फार आनंद होईल.

कोर्सचं सरळ सांगते. ‘युद्धाचं मानसशास्त्र’ नावाची पदवी शोधत बसू नकोस. बीए मानसशास्त्र कर, मग एमए. फर्ग्युसनला मानसशास्त्र आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग आहे आणि संरक्षण व सामरिकशास्त्राचाही, त्यामुळं दोन्हींकडचं ऐकता येईल. एमएला संघर्ष आणि शांतता हाच विषय हवा असेल तर दिल्लीत जामिया मिलियाचं नेल्सन मंडेला केंद्र बघ. मराठी माध्यमाची भीती धरू नकोस, पण इंग्रजी वाचनाची सवय आतापासून लाव, कारण संशोधन बहुतेक इंग्रजीत आहे.

नोकरीबाबत पप्पांपासून काही लपवू नकोस. एमए होईपर्यंत, म्हणजे बावीस-तेवीस वर्षांची होईपर्यंत, हातात पैसा येणार नाही. डीआरडीओतल्या जागा मोजक्या असतात, त्यावर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात (हा २०२३ पासूनचा दर), पुढं प्राध्यापकी. समुपदेशनाकडं वळलीस तर जवानांच्या आणि माजी सैनिकांच्या घरांत काम भरपूर आहे, तुझ्या काकूसारख्या बायकांकडं आजवर फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. मात्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते आणि त्यासाठीचे अभ्यासक्रम बदलताहेत, तेव्हा वेळेवर त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घे.

पप्पांशी वाद घालू नकोस. सुट्टीत गावातल्या चार-पाच निवृत्त जवानांकडं वही घेऊन जा, पहिलं नाव पप्पांचं ठेव. पोस्टिंग, हत्यारं, मोहिमा यातलं काही विचारायचं नाही. घर सोडलं तो दिवस, पहिली भीती, सोबती, परत आल्यावर झोप लागायची का, एवढंच. आधी परवानगी घ्यायची आणि कुणी थांब म्हटलं की वही मिटायची. पप्पा पहिल्यांदा काही बोलणार नाहीत. मग तेही लिहून ठेव, की ते बोलले नाहीत.

आणि प्रवेश घेण्याआधी कॉलेजात दोन गोष्टी विचार. मानसशास्त्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून आहे की नुसतं मायनर, म्हणजे जोडविषय, आणि संख्याशास्त्राचा पेपर कोण शिकवतं. तो पेपर टाळणारं कॉलेज तू टाळ.